प्रस्तावना : कोंबडीचा दाह मोजायचा कशाने?

सीआरडीने, म्हणजे जुनाट श्वसनरोगाने, मेलेली कोंबडी शवविच्छेदनासाठी टेबलावर घेतली आणि छातीचे हाड उचलून आतले हवेच्या पिशव्यांचे पातळ पडदे पाहिले, की त्यांच्यावर पिवळट, घट्ट थर दिसतो. चिमट्याने उचलला तर पनीरासारखा सलग तुकडा हातात येतो. माणसाच्या किंवा म्हशीच्या गळवातून पू वाहतो. कोंबडीत तो वाहत नाही, थिजतो. पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्याला हे शिकवले जाते आणि बहुतेक जण ते परीक्षेपुरते लक्षात ठेवतात. मला मात्र या पुस्तिकेची ओळख तिथूनच करून द्यावीशी वाटते, कारण पुढच्या सगळ्या पानांचे मूळ त्या पिवळ्या थरात आहे.

सस्तन प्राण्याच्या शरीरात जंतू शिरला की सर्वांत आधी धावून जातात त्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी. त्यांच्याजवळ मायलोपेरॉक्सिडेज नावाचे विकर असते आणि मेलेल्या ऊतींचे पातळ द्रव करून टाकणारी इतर विकरेही असतात. कोंबडीत हे काम करणाऱ्या पेशी म्हणजे हेटरोफिल. त्यांच्यात मायलोपेरॉक्सिडेज नसते. म्हणून कोंबडीच्या शरीरातला दाह वितळत नाही, साकळतो आणि आजूबाजूच्या पेशी त्याला वेढून टाकतात. फरक इथेच संपत नाहीत. आपल्या काखेत, जांघेत असतात तशा लसिका ग्रंथी कोंबडीला नसतात. तिच्या शरीराचे नेहमीचे तापमान ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असते, म्हणजे आपल्याला जो सणसणीत ताप वाटेल तो तिचा रोजचा दिवस आहे. माणसाच्या रक्तात दाहाची खूण म्हणून हॅप्टोग्लोबिन हे प्रथिन मोजतात. कोंबडीत त्याचा जनुकच नाही, आणि फुटलेल्या रक्तपेशींतले हिमोग्लोबिन धरून ठेवण्याचे त्याचे काम पीआयटी-५४ नावाचे दुसरेच प्रथिन करते. सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन ही तपासणी आपल्याकडे आता तालुक्याच्या लॅबमध्येही होते, पण कोंबडीचा दाह ओळखायचा तर ओव्होट्रान्सफेरिनसारखी वेगळी प्रथिने बघावी लागतात.

पक्ष्यांचे आणि सस्तन प्राण्यांचे पूर्वज तीस कोटी वर्षांहून अधिक काळापूर्वी वेगळे झाले. दाह ही व्यवस्था दोघांकडे आली, पण एवढ्या काळात तिचे भाग दोघांनी आपापल्या परीने बदलले. तेव्हा उंदरासाठी आणि माणसासाठी तयार केलेली साधने कोंबडीवर चालतील असे धरून चालणे मुळातच चूक आहे. तरीही कोंबडीच्या दाहाचा अभ्यास कित्येक वर्षे असाच, उसन्या साधनांवर झाला. कोंबडीचेच रेणू ओळखणारी प्रतिपिंडे, म्हणजे अँटीबॉडी, तयार करण्याचे काम उशिरा सुरू झाले, ते चिकाटीचे आहे आणि त्याला मान कमी मिळतो. ते का करायचे आणि कसे करतात, हे सांगण्यासाठी ही प्रस्तावना.

आधी पैशाची गोष्ट बोलू, कारण शेडमध्ये उभ्या असलेल्या माणसाला दाह तिथेच भेटतो. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात १९५७, १९७८ आणि २००५ या काळांतले मांसल कोंबड्यांचे वाण एकाच वेळी, एकाच खाद्यावर वाढवले. ५६ दिवसांनी १९५७ चा पक्षी सरासरी ९०५ ग्रॅम भरला, १९७८ चा १८०८ ग्रॅम आणि २००५ चा ४२०२ ग्रॅम. खाद्य तेच, दिवस तेवढेच, वजन साडेचार पटींहून जास्त. एवढ्या वेगाने वाढणाऱ्या पक्ष्यात जरासा दाह सुरू झाला तरी त्याची किंमत लगेच मोजावी लागते. पक्ष्याचे खाणे कमी होते. यकृत स्नायूंसाठीची अमिनो आम्ले दाहाची प्रथिने बनवायला वळवते. आतड्याचे अस्तर सुजले की खाल्लेलेही नीट शोषले जात नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील कर्क क्लासिंग यांनी आपल्या संशोधनाची बरीच वर्षे याच हिशेबाला दिली.

आपल्याकडे करारावर ब्रॉयलर वाढवणाऱ्या शेतकऱ्याला हा हिशेब वेगळ्या शब्दांत पाठ असतो. कंपनी पिल्ले, खाद्य आणि औषधे देते. शेड, तूस, वीज, पाणी आणि मेहनत शेतकऱ्याची. बॅच उचलल्यावर हातात काय पडणार ते एफसीआर, म्हणजे किलोभर वजनामागे लागलेले खाद्य, आणि मरतूक यांवर ठरते. शेडमध्ये कुणी मेलेले नाही, विष्ठेत रक्त नाही, पिल्ले फिरताहेत, आणि तरी वजन येत नाही, एफसीआर बिघडला आहे, अशी बॅच प्रत्येकाने पाहिलेली असते. डॉक्टर येतात, पाण्यातून काहीतरी द्यायला सांगतात. अशा बॅचमध्ये अनेकदा आतड्यात मंद, सतत धुमसणारा दाह असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, आणि मोजायचा तर मोजपट्टी हवी.

प्रतिजैविकांची गोष्टही इथेच येऊन मिळते. अमेरिकेतल्या लेडर्ली प्रयोगशाळेत १९४० च्या दशकात ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक सापडले. तिथल्या संशोधनाचे संचालक होते आपले यल्लाप्रगडा सुब्बाराव. त्याच प्रयोगशाळेतले रॉबर्ट स्टॉकस्टॅड आणि थॉमस ज्यूक्स पिल्लांच्या वाढीसाठी बी-१२ जीवनसत्त्वाचा स्वस्त स्रोत शोधत होते. ऑरिओमायसिन काढून घेतल्यावर उरलेला चोथा त्यांनी पिल्लांना खाऊ घातला आणि पिल्ले बी-१२ ने वाढावीत त्याहून जास्त वाढली. चोथ्यात उरलेले थोडेसे प्रतिजैविक हे त्याचे कारण होते. त्यानंतरची पन्नास-साठ वर्षे जगभर कोंबड्यांच्या खाद्यात वाढीसाठी प्रतिजैविके मिसळली गेली. एवढ्या कमी मात्रेने वाढ का होते, याचे समाधानकारक उत्तर मात्र मिळत नव्हते. २००७ साली बेल्जियममधल्या थिओ निवोल्ड यांनी एक धीट कल्पना मांडली: ही औषधे वाढीला मदत करतात ती जंतू मारून नव्हे, आतड्यातल्या दाहाच्या पेशींना शांत करून. ती कल्पना पूर्ण सिद्ध झाली आहे असे मी म्हणणार नाही, पण तिने प्रश्न योग्य जागी आणून ठेवला.

युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून वाढीसाठी प्रतिजैविके खाद्यात घालणे बंद केले. भारताने २०१९ साली कोलिस्टिन या, माणसासाठी शेवटचा आधार मानल्या जाणाऱ्या औषधाचा खाद्य-पशूंमधला वापर थांबवला. हे व्हायलाच हवे होते. आता बाजारात त्यांच्या जागी प्रोबायोटिक, वनौषधींचे अर्क, सेंद्रिय आम्ले, यीस्टच्या भिंती अशी शेकडो उत्पादने आली आहेत आणि बहुतेकांच्या माहितीपत्रकात ‘आतड्याचा दाह कमी करते’ असे छापलेले असते. ते खरे की खोटे हे ठरवायचे कशावरून?

दाहाचे निरोप पेशी एकमेकींना सायटोकाइन नावाच्या छोट्या प्रथिनांतून देतात. इंटरल्युकिन-१ बीटा, इंटरल्युकिन-६, इंटरल्युकिन-१७, गॅमा इंटरफेरॉन हे दाह वाढवणारे. इंटरल्युकिन-१० हा त्याला आवर घालणारा. दाह मोजणे म्हणजे मुख्यतः ही प्रथिने मोजणे. पण कोंबडीवरचे शोधनिबंध उघडून पाहा. बहुतेकांत प्रथिन मोजलेलेच नसते. मोजलेला असतो तो पेशीतला संदेशक आरएनए, म्हणजे प्रथिन तयार करण्याची आज्ञा. आरएनए मोजायला त्या जनुकाचा क्रम माहीत असला की पुरते, आणि २००४ मध्ये रानकोंबडीचा संपूर्ण जनुकक्रम प्रसिद्ध झाल्यापासून तो सगळ्यांना खुला आहे. हे तंत्र सोपे आणि उपयोगाचे आहे, पण आज्ञा निघाली म्हणजे काम झाले असे नाही. इंटरल्युकिन-१ बीटासारख्या प्रथिनाची आज्ञा भरपूर निघते, प्रथिन पेशीत साठूनही राहते, आणि बाहेर पडेपर्यंत शेजारच्या पेशीला त्याचा पत्ता नसतो. रक्तात किंवा आतड्याच्या अस्तरात ते प्रथिन किती आहे आणि कोणत्या पेशीने ते सोडले, याचे उत्तर आरएनएकडून मिळत नाही. ते देऊ शकते फक्त त्या प्रथिनालाच नेमके चिकटणारे प्रतिपिंड.

इतके दिवस ही प्रतिपिंडे का नव्हती, हा प्रश्न साहजिक आहे. उंदराच्या आणि माणसाच्या सायटोकाइनांसाठीची प्रतिपिंडे कॅटलॉगमधून पाहिजे तितकी मागवता येतात. पण कोंबडीच्या अनेक सायटोकाइनांचे माणसाच्या सायटोकाइनांशी अमिनो आम्लांचे साम्य तीसेक टक्क्यांच्याच आसपास आहे. आकार साधारण तोच, कामही तेच, पण प्रतिपिंड ज्या पृष्ठभागाला चिकटते तो पार बदललेला. म्हणून माणसाचे प्रतिपिंड कोंबडीच्या नमुन्यावर टाकले तर बहुतेक वेळा काहीच दिसत नाही. याहून वाईट म्हणजे कधीकधी काहीतरी दिसते. ते दिसणारे भलतेच प्रथिन असू शकते, आणि आकडा आला म्हणून तो तक्त्यात जातो. ‘कोंबडीवरही चालते’ असे बाटलीवर लिहिलेले असले तरी ते कशावरून, हे विचारायची सवय आपल्याकडे नाही. ही अडचण एकट्या कोंबडीची नाही: २०१५ साली ‘नेचर’ या नियतकालिकात शंभराहून अधिक शास्त्रज्ञांनी सह्या करून मागणी केली होती, की संशोधनातली प्रतिपिंडे त्यांच्या जनुकक्रमानिशी ओळखली जावीत, कारण न तपासलेल्या प्रतिपिंडांपायी वेळ आणि पैसा दोन्ही वाया जात आहेत.

एक उदाहरण देतो. कोंबडीच्या मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या, पेशी ओळखण्यासाठी जगभर वापरले जाणारे ‘केयूएल-०१’ हे प्रतिपिंड १९९८ साली बेल्जियममधल्या ल्युव्हेन येथून आले. ते उत्तम काम करते. पण ते पेशीवरच्या नेमक्या कोणत्या रेणूला चिकटते हे कळायला २०१४ साल उजाडले. मधली सोळा वर्षे लोकांनी ते वापरून निष्कर्ष काढले, आणि सुदैवाने ते बरेचसे टिकले. प्रत्येक वेळी असे नशीब साथ देईलच, याची खात्री नसते.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. टीएनएफ-अल्फा हे सस्तन प्राण्यांतल्या दाहाचे अगदी पहिल्या फळीतले सायटोकाइन. संधिवाताची कितीतरी महागडी औषधे त्यालाच रोखतात. कोंबडीच्या जनुकक्रमात ते सापडले नाही. वर्ष गेले, दहा वर्षे गेली, आणि पक्ष्यांना टीएनएफ-अल्फा नसतेच असे पाठ्यपुस्तकांत जवळजवळ ठरून गेले. काही प्रयोगशाळा त्याच्याऐवजी दुसऱ्याच एका जनुकाची मोजणी टीएनएफ म्हणून करत राहिल्या. २०१८ साली जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी ते शोधून काढले. जनुक होता, त्याच्यात जी आणि सी या अक्षरांची इतकी दाटी होती की क्रम वाचणारी यंत्रे त्या भागावरून घसरत होती. दाहाचा एवढा मोठा घटक एका पूर्ण शास्त्रशाखेच्या हिशेबातून चौदा वर्षे गहाळ होता. त्या काळात प्रसिद्ध झालेले ‘दाह घटला’ हे निष्कर्ष वाचताना मी हे विसरत नाही, आणि वाचकानेही विसरू नये असे मला वाटते.

आता प्रतिपिंड तयार कसे करतात ते पाहू. पद्धतीचा पाया १९७५ चा आहे. केंब्रिजमध्ये जॉर्जेस कोलर आणि सीझर मिलस्टाइन यांनी प्रतिपिंड तयार करणारी पेशी आणि न मरता वाढत राहणारी कर्कपेशी यांचा संकर केला. त्या संकरित पेशीची वंशावळ एकच एक प्रतिपिंड अखंड तयार करत राहते. त्यांना १९८४ साली नोबेल मिळाले. या तंत्राचे पेटंट घेतले गेले नाही, म्हणून ते जगातल्या लहानमोठ्या सगळ्या प्रयोगशाळांत पोहोचले.

कोंबडीच्या बाबतीत काम सुरू होते ते सायटोकाइन तयार करण्यापासून. त्याचा जनुक ई. कोलाय या जिवाणूत घालून प्रथिन काढता येते. ते स्वस्त पडते, पण त्यात दोन खाचा आहेत. जिवाणू प्रथिनावर साखरेच्या साखळ्या जोडत नाहीत, आणि कोंबडीच्या पेशी जोडतात. तेव्हा जिवाणूने केलेल्या प्रथिनावर पोसलेले प्रतिपिंड खऱ्या प्रथिनाला ओळखेलच असे नाही. दुसरी खाच जास्त फसवी आहे. ई. कोलायच्या भिंतीतले एंडोटॉक्सिन प्रथिनाबरोबर येते, आणि एंडोटॉक्सिन स्वतःच दाह पेटवते. ते पुरते काढले नाही तर सायटोकाइनचा परिणाम म्हणून आपण जे मोजतो तो त्या घाणीचा परिणाम असतो. म्हणून अनेक गट आता यीस्टमध्ये किंवा सस्तन प्राण्याच्या पेशींमध्ये प्रथिन तयार करतात. खर्च वाढतो, पण पुढचा मनस्ताप वाचतो.

शुद्ध प्रथिन उंदराला काही आठवड्यांच्या अंतराने टोचतात. उंदराच्या रक्तात पुरेशी प्रतिपिंडे दिसू लागली, की शेवटची मात्रा देऊन तीन-चार दिवसांनी त्याची प्लीहा काढतात आणि तिच्यातल्या पेशींचा कर्कपेशींशी संकर करतात. मग सगळे मिश्रण हॅट नावाच्या माध्यमात वाढवतात. त्यात एकट्या कर्कपेशी जगू शकत नाहीत, प्लीहेतल्या पेशी आपोआपच थोड्या दिवसांत मरतात, आणि जगतात त्या फक्त संकरित पेशी. शहाण्णव खळग्यांच्या तबकांत दीडेक आठवड्याने त्यांच्या वसाहती दिसू लागतात.

इथपर्यंतचे काम कुठल्याही चांगल्या तंत्रज्ञाला जमते. खरी मेहनत इथून पुढे आहे, आणि मला वाटते प्रतिपिंडाची किंमत याच टप्प्यात ठरते. प्रत्येक खळग्यातला द्रव एलायझाने, म्हणजे प्रतिपिंड प्रथिनाला चिकटते का हे रंगावरून दाखवणाऱ्या चाचणीने, तपासायचा. जे चिकटले त्यांतले कितीतरी सायटोकाइनला चिकटलेलेच नसतात. प्रथिन शुद्ध करायला सोपे जावे म्हणून त्याच्या टोकाला जोडलेल्या शेपटीला चिकटलेले असतात. म्हणून तीच शेपटी असलेले दुसरे, असंबद्ध प्रथिन घेऊन पुन्हा तपासायचे आणि तिथेही चिकटणारे सगळे फेकून द्यायचे. मग कोंबडीच्या इतर सायटोकाइनांवर तपासायचे. मग नळीत तयार केलेल्या प्रथिनावर नाही, तर कोंबडीच्या पेशींना चिथावून त्यांनी स्वतः सोडलेल्या प्रथिनावर. पहिल्या चाचण्यांत चमकलेली अनेक प्रतिपिंडे या शेवटच्या पायरीवर गळून पडतात. उरलेल्यांची पेशी एकेकटी करून तिची वंशावळ वाढवायची आणि उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये जपून ठेवायची.

रक्तातले प्रमाण मोजायचे तर एक प्रतिपिंड पुरत नाही. एकाने प्रथिन धरून ठेवायचे आणि दुसऱ्याने त्याच प्रथिनाच्या दुसऱ्या जागी बसून रंग दाखवायचा. दोघांच्या जागा एकमेकींच्या आड यायला नकोत. अशी जोडी सापडेपर्यंत कितीतरी जोड्या जुळवून पाहाव्या लागतात. याउपर एक कसोटी उरते, आणि ती मला सर्वांत विश्वासाची वाटते: हे प्रतिपिंड सायटोकाइनचे काम थांबवते का? कोंबडीच्या एचडी-११ या मॅक्रोफेज पेशींना गॅमा इंटरफेरॉन दिले की त्या नायट्रिक ऑक्साइड सोडतात. प्रतिपिंड मिसळल्यावर ते सोडणे थांबले, तर प्रतिपिंडाने योग्य रेणू योग्य जागी पकडला हे नक्की. थांबले नाही म्हणून प्रतिपिंड वाया गेले असे नाही, ते मोजणीला चालेल; पण दाहात त्या सायटोकाइनचा वाटा किती हे शोधायला थांबवणारेच हवे.

या कामात ज्यांचे नाव सर्वांत आधी घ्यायला हवे त्या म्हणजे अमेरिकी कृषी खात्याच्या मेरिलँडमधील बेल्ट्सव्हिल केंद्रातल्या ह्युन लिलेहॉय. रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिओसिस, आणि क्लॉस्ट्रिडियमने आतडे सडवणारा नेक्रोटिक एन्टेरायटिस या रोगांत कोंबडीचे आतडे कसे वागते हे शोधताना त्यांच्या गटाने कोंबडीच्या एकामागून एक सायटोकाइनांची प्रतिपिंडे तयार केली. अमेरिकेत पशुरोगप्रतिकारशास्त्रासाठी अशी साधने करून देणारे जाळे सरकारी पैशातून उभे राहिले, ब्रिटनमध्येही रोझलिन आणि पिरब्राइट या संस्थांनी अशीच साधनपेटी बांधली. प्रतिपिंड आपल्यापुरते न ठेवता सगळ्यांना मिळेल असे ठेवणे, हा या उपक्रमांतला मला सर्वांत आवडलेला भाग आहे.

आणि हे सारे ज्या पक्ष्यासाठी, त्याचे रोगप्रतिकारशास्त्रावर केवढे ऋण आहे! १८७९-८० मध्ये पाश्चरने कोंबड्यांच्या कॉलऱ्याचे जंतू दुबळे करून लस दिली आणि प्रयोगशाळेत लस घडवण्याचे युग सुरू झाले. १८९३ साली फेलिक्स क्लेम्पररने दाखवले की कोंबडी आपली प्रतिकारशक्ती अंड्याच्या बलकातून पिलाला देते. १९५७ मध्ये लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडनमन यांना इंटरफेरॉन सापडले ते कोंबडीच्या अंड्यातल्या पडद्यावर. पण सर्वांत मोठे ऋण बर्साचे. कोंबडीच्या गुदद्वाराजवळच्या या छोट्या पिशवीचे वर्णन पदुआच्या फॅब्रिशियसने केले, ते त्याच्या मृत्यूनंतर १६२१ साली छापले गेले. पुढे तीनशेहून अधिक वर्षे तिचा उपयोग कुणाला माहीत नव्हता. १९५० च्या दशकात ओहायो स्टेट विद्यापीठात ब्रूस ग्लिक यांनी काही कोंबड्यांची बर्सा काढली होती. त्यांचा मित्र टिमथी चँग याला वर्गात प्रतिपिंडे दाखवायला पक्षी हवे होते. त्याने ग्लिककडच्या कोंबड्यांना साल्मोनेला टोचले, आणि बर्सा नसलेल्या पक्ष्यांत प्रतिपिंडे आलीच नाहीत. ‘सायन्स’ने तो निबंध नाकारला, तो १९५६ साली ‘पोल्ट्री सायन्स’मध्ये छापून आला. पुढे १९६५ मध्ये मॅक्स कूपर आणि रॉबर्ट गुड यांनी कोंबडीवरच दाखवले की प्रतिकाराच्या पेशींचे दोन वेगळे वंश आहेत. माणसाच्या कर्करोगाच्या वॉर्डातही आज त्या विभागणीवर उपचार ठरतात. प्रतिपिंडे कुठून येतात हे जिने शिकवले, तिच्या स्वतःच्या अभ्यासासाठी प्रतिपिंडे नसावीत, हा अन्याय आहे असे मी मनापासून मानतो.

दाह म्हणजे शत्रू, तो विझवला की काम झाले, अशी समजूत होऊ नये म्हणून इंटरल्युकिन-१० ची कथा सांगतो. इंग्लंडमधल्या कॉम्प्टन येथील शास्त्रज्ञांनी २००४ मध्ये कोंबडीचे इंटरल्युकिन-१० शोधले. रक्ती हगवणीच्या परजीवींपैकी आयमेरिया मॅक्सिमा दोन वाणांना दिल्यावर दिसले, की रोगाला सहज बळी पडणाऱ्या वाणात इंटरल्युकिन-१० जास्त तयार होत होते. म्हणजे दाहाला आवर घालणारा निरोपच परजीवीच्या पथ्यावर पडत होता. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या मार्क कुक यांच्या गटाने याचा पुढचा तर्क केला. त्यांनी अंड्यावरच्या कोंबड्यांना इंटरल्युकिन-१० चा तुकडा टोचला, त्यांच्या बलकात उतरलेली प्रतिपिंडे वाळवून मांसल पक्ष्यांच्या खाद्यात घातली, आणि आयमेरियाने खुंटणारी वाढ बरीचशी टिकली. औषध नाही, प्रतिजैविक नाही. एका कोंबडीच्या अंड्यातले प्रतिपिंड दुसऱ्या कोंबडीच्या आतड्यात. इथे फायदा झाला तो दाहावरचा आवर सैल करून, दाह दाबून नव्हे. कुठे दाबायचे, कुठे सोडायचे आणि किती, हे मोजल्याशिवाय कळत नाही, आणि ‘दाहशामक’ असे सरसकट लेबल लावलेले उत्पादन म्हणूनच मला पटत नाही.

आपल्याकडे या प्रश्नाला फार मोठी जागा आहे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात ८५ कोटींहून अधिक कुक्कुटपक्षी मोजले गेले. पुण्याने या व्यवसायाला १९७० च्या दशकापासून आकार दिला आहे. मानमोडीला आपण राणीखेत म्हणतो ते कुमाऊँमधल्या ज्या गावावरून, तिथे हा रोग १९२० च्या दशकात नोंदला गेला आणि मुक्तेश्वरच्या संस्थेतून आलेली आर-टू-बी लस आजही आपल्या शेडांत टोचली जाते. ती फार लहान पिल्लांना देत नाहीत, कारण तिची प्रतिक्रिया त्यांना सोसत नाही. याच रोगावरची लासोटा लस दिल्यावरही तीन-चार दिवस शेडमध्ये शिंका ऐकू येतात. ती प्रतिक्रिया म्हणजे दाहच आहे. कोणत्या पिल्लात तो उपयोगाइतका झाला आणि कोणत्यात नुकसान होईल इतका, हे आज आपण कानाने आणि अंदाजाने ठरवतो. गंबोरो रोगाचा विषाणू तर थेट बर्सावरच घाला घालतो. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू आला आणि लाखो पक्षी मारून पुरावे लागले. बदकाला तोच विषाणू अनेकदा सोसतो, कोंबडीला सोसत नाही. विषाणूची चाहूल घेणारा रिग-आय हा जनुक बदकात आहे, कोंबडीत नाही, हे २०१० साली कळले. मग कोंबडीच्या शरीरात नेमका कोणता दाह किती वेगाने भडकतो, हे आपल्या परिस्थितीत, आपल्या विषाणूंवर, गावरान आणि कडकनाथ पक्ष्यांतही पाहायला हवे. परदेशातून आणलेली एलायझाची एक पेटी इतकी महाग असते की विद्यार्थी तिच्यावर मोजके नमुने बसवतो आणि प्रयोग तिथेच आखडतो.

हे काम इथे होऊ शकते. हायब्रिडोमा, म्हणजे वर सांगितलेल्या संकरित पेशी, करणाऱ्या प्रयोगशाळा देशात आहेत, प्रथिने तयार करणारे हात आहेत. कमी आहे ती साधन घडवण्याला संशोधन मानण्याची तयारी. प्रतिपिंड करणाऱ्या विद्यार्थ्याची तीन-चार वर्षे तपासण्या आणि फेरतपासण्या यांत जातात आणि शेवटी हाती येते एक कुपी. त्या कुपीवर पुढे शंभर जणांचे काम उभे राहते, पण पदवीच्या आणि बढतीच्या हिशेबात तिला फारशी किंमत नाही. अनुदान देणाऱ्या समित्यांवर बसलेल्यांनी हे बदलावे, आणि जे प्रतिपिंड सार्वजनिक पैशातून तयार होईल त्याचा जनुकक्रम सगळ्यांना खुला ठेवावा, अशी माझी विनंती आहे. क्रम हाती असला की प्रतिपिंड पेशींत पुन्हापुन्हा तयार करता येते आणि दर वेळी नव्या उंदराचा जीव घ्यावा लागत नाही. उंदराच्या पोटात प्रतिपिंडे वाढवण्याची जुनी, वेदनादायक पद्धत तर आता वापरूच नये.

पुढची प्रकरणे मी पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठी आणि कोंबड्या पाळणाऱ्या, वाचायची आवड असलेल्या शेतकऱ्यांसाठी लिहिली आहेत. रसायनशास्त्राची भीती वाटत असेल तर प्रथिन शुद्धीकरणाचा भाग आधी सोडून द्यावा, नंतर परत यावे. मात्र तपासणीचा भाग कुणी सोडू नये. कोंबडीवरचा कुठलाही शोधनिबंध हाती आला, किंवा खाद्यपूरक विकायला आलेला प्रतिनिधी ‘आमच्या उत्पादनाने दाह कमी होतो’ म्हणाला, तर त्याला दोन प्रश्न जरूर विचारा: दाह कमी झाला हे कशाने मोजले, आणि ज्या प्रतिपिंडाने मोजले ते कोंबडीच्याच प्रथिनाला चिकटते हे कुणी तपासून पाहिले?